पाऊलवाटा, ब्रिटनमधील सार्वजनिक

ब्रिटनमधील शेते, कुरणे, वने, माळराने, डोंगर व समुद्रकिनारे यांमधून जाणाऱ्या आणि ज्यांवरून कोणासही, केव्हाही, कोणाची परवानगी न मागता पायी जाण्याचा अधिकार कायद्याने मान्य केलेला आहे, अशा वाटा. वाटेखालची जमीन बहुधा खाजगी मालकीचीच असते. तीवरून जाण्याचा हक्क मात्र सार्वजनिक असतो. इंग्लंड व वेल्स यांमध्ये मिळून अशा नोंदलेल्या मार्गांची एकूण लांबी सु. २,२५,००० किमी. भरते. त्यांत घोडेस्वारांस खुल्या असलेल्या वाटा आणि वाहनांस मुभा असलेले कच्चे रस्तेही अंतर्भूत आहेत. तथापि तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा केवळ पादचाऱ्यांसाठी आहेत. परदेशी प्रवासी ब्रिटनमध्ये जातो तो प्रायः राजवाडे, संग्रहालये व प्रार्थनामंदिरे पाहण्यासाठी. या वाटांचे जाळे त्यास सहसा कोणी दाखवीत नाही. वस्तुतः ब्रिटिश समाजाची जमिनीविषयीची, मालमत्तेविषयीची आणि वर्गभेदाविषयीची धारणा जितकी या वाटांवर उघड होते, तितकी लंडनमधील कोणत्याही वास्तूत होत नाही.

हक्काचे स्वरूप : मराठी वाचकास हा हक्क समजण्यास ‘वहिवाट’ हा शब्द उपयोगी पडतो. आपल्याकडील पाणंद, शिवरस्ता किंवा गाडीवाट यांविषयीचे तंटे वहिवाटीच्या आधारे चालतात आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा इंग्लिश विधितत्त्वांवरच बेतलेला असल्याने त्यातही वीस वर्षांच्या अखंड वापराची अट आढळते. फरक आहे तो हक्कदार कोण याविषयी. आपल्याकडे वाटेसाठी भांडतो तो मुख्यतः ज्याचे शेत पलीकडे आहे असा शेतकरी; त्याचा हक्क त्याच्या जमिनीशी निगडित असतो. इंग्लंडमधील सार्वजनिक पाऊलवाटेचा हक्क कोणत्याही जमिनीशी जोडलेला नाही. ज्याचे त्या गावात घर नाही, शेत नाही, नातलग नाही आणि कामही नाही, अशा परक्या माणसासही तो तितकाच प्राप्त होतो.

हा हक्क मुळात जाण्यायेण्याचा आहे. न्यायालयांनी तो किती काटेकोरपणे लावला, हे हॅरिसन विरुद्ध रटलंडचे ड्यूक (१८९३) या खटल्यावरून दिसते. ड्यूकच्या माळरानावर ग्राउस या पक्ष्यांची शिकार चालू असता हॅरिसन हा इसम तेथून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर उभा राहून छत्री उघडझाप करून पक्षी उधळून लावीत होता. ड्यूकच्या नोकरांनी त्यास खाली पाडून धरून ठेवले. रस्ता सार्वजनिक असला, तरी हॅरिसन जाण्यासाठी नव्हे तर शिकार मोडण्यासाठी त्यावर उभा होता. म्हणून त्या वेळेपुरता तो अनधिकृत प्रवेश करणाराच ठरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. ही संकुचित व्याख्या पुढे शंभर वर्षे टिकली. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सार्वजनिक मार्गाचा कोणताही वाजवी वापर, शांततामय जमाव धरून, कायदेशीर असू शकतो, असे ठरवून ती सैल केली.

एकदा सार्वजनिक ठरलेला मार्ग कायम सार्वजनिकच राहतो, हे इंग्लिश विधीतील जुने तत्त्व आहे. केवळ वापर थांबल्याने, गवत माजल्याने किंवा वाटेवर कुंपण पडल्याने हक्क नष्ट होत नाही. तो नष्ट करण्यास रीतसर आदेश लागतो. पुढील सर्व झगड्यांचे मूळ या एका तत्त्वात आहे.

उगम : या वाटा कोणी आखलेल्या नाहीत. लोक चालत गेले म्हणून त्या पडल्या. दक्षिण इंग्लंडमधील चुनखडकाच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी ‘रिजवे’ ही वाट प्रागैतिहासिक काळापासून वापरात असल्याचे मानतात. ओल्या, चिखलाच्या खोऱ्यांपेक्षा कोरडा डोंगरमाथा चालण्यास सोयीचा होता, हे त्यामागील साधे कारण होय. वेल्स व स्कॉटलंडमधून लंडनच्या बाजाराकडे गुरांचे कळप पायी हाकीत नेत. त्यांच्या रुंद, हिरवळीच्या वाटा रेल्वे आल्यानंतर ओस पडल्या, परंतु हक्काने जिवंत राहिल्या. मीठ व लोकर वाहणाऱ्या तट्टांच्या वाटा, गिरणीकडे जाणाऱ्या वाटा, रविवारी चर्चला नेणाऱ्या वाटा असे आणखी प्रकार सांगता येतील. डोंगराळ भागातील ‘शववाटा’ हा यांतील विशेष लक्षणीय प्रकार होय. दफनाचा अधिकार मुख्य चर्चलाच असल्यामुळे दूरच्या वाड्यांतील लोकांस शवपेटी खांद्यावरून किंवा घोड्यावरून डोंगर ओलांडून न्यावी लागे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये रायडल ते ग्रासमिअर अशी एक शववाट आजही चालता येते. कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ याची रायडल माउंट व डव्ह कॉटेज ही दोन्ही निवासस्थाने तिच्या दोन टोकांशी आहेत.

नकाशे सर्वांस उपलब्ध होण्यापूर्वी गावाची हद्द व तीवरील वाटा लक्षात ठेवण्याची एक मौखिक पद्धती होती. वसंत ऋतूत, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास, धर्मोपदेशक व गावकरी पॅरिशच्या सीमेवरून मिरवणुकीने फिरत आणि सीमादर्शक दगडांवर विलोच्या फोकांनी मारीत. बरोबर गावातील मुलगे असत. त्यांनाही त्या त्या ठिकाणी फोक मारीत किंवा दगडावर आपटीत. हेतू हा, की ती जागा त्यांना म्हातारपणापर्यंत आठवावी आणि पुढे तंटा उद्‌भवल्यास त्यांची साक्ष उपयोगी पडावी. काही गावांत ही प्रथा आजही चालू आहे, मात्र मुलांना मारण्याचे आता केवळ नाटक होते.

कुंपणबंदी : इंग्लंडच्या ग्रामजीवनातील सर्वांत मोठी उलथापालथ कुंपणबंदीने घडविली. गावाच्या सामाईक जमिनी व खुली शेते व्यक्तिगत मालकीत वाटून देऊन त्यांना कुंपण घालण्याची ही प्रक्रिया होती. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने यासाठी ५,२०० हून अधिक अधिनियम केले आणि त्यांखाली सु. ६८ लक्ष एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाच्या एक-पंचमांशाहून थोडी अधिक, बंदिस्त झाली. शेतीचे उत्पादन यामुळे वाढले, असे पुष्कळ इतिहासकार म्हणतात. पण ज्याची गाय किंवा हंसांचा थवा सामाईक कुरणावर चरत असे, त्या भूमिहीन मजुरास या हिशेबात स्थान नव्हते. कुंपणाबरोबर वाटाही गेल्या. त्यातच १८१५ च्या अधिनियमाने कोणतीही वाट अनावश्यक ठरवून बंद करण्याचा अधिकार केवळ दोन दंडाधिकाऱ्यांस दिला. दंडाधिकारी हा स्थानिक जमीनदार किंवा त्याचा स्नेही असल्याने अर्जदार आणि निर्णय देणारा एकाच मेजावर जेवणारे असत.

याविरुद्ध पहिला संघटित आवाज शहरांतून उठला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यॉर्क येथे १८२४ मध्ये आणि मँचेस्टर येथे १८२६ मध्ये प्राचीन पाऊलवाटांच्या रक्षणासाठी मंडळे स्थापन झाली. यंत्रयुगाच्या धुराने कोंडलेल्या नगरवासीयांना मोकळी हवा ही चैन नसून गरज होती. वर्ड्‌स्वर्थने लेक डिस्ट्रिक्टविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेत तो प्रदेश म्हणजे ज्याला डोळे व हृदय आहे अशा प्रत्येकाची राष्ट्रीय मालमत्ता मानावी, अशा आशयाचा विचार मांडला होता. परंतु याच कवीने १८४४ मध्ये केंडल-विंडरमिअर रेल्वेला विरोध केला; कारण तिच्यामुळे औद्योगिक शहरांतील कामगारांचे लोंढे सरोवरांवर येतील, अशी त्यास धास्ती वाटत होती. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. निसर्ग सर्वांचा, परंतु सर्वांनी एकदम येऊ नये, ही वृत्ती ब्रिटनमध्ये आजही आढळते आणि ती केवळ जमीनदारांत आढळते असे नाही.

भ्रमणाची चळवळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायी भटकणे हा दोन भिन्न वर्गांचा छंद बनला. एकीकडे विद्वान व व्यावसायिक होते. लेस्ली स्टीफन या साहित्यसमीक्षकाने १८७९ मध्ये ‘संडे ट्रँप्स’ ही भटक्यांची मंडळी जमविली. दुसरीकडे उत्तरेकडील गिरणीकामगार, खाणकामगार व कारकून होते. त्यांना आठवड्यात एकच सुटीचा दिवस मिळे, आणि मँचेस्टर व शेफील्ड यांच्या मधोमध पसरलेली माळराने नेमकी ग्राउसच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली होती. १८९६ मध्ये बोल्टनजवळील विंटर हिल या टेकडीवरची वाट मालकाने अडविली, तेव्हा सु. दहा हजार लोक फाटक मोडून तीवरून चालत गेले. ते न्यायालयात हरले. डोंगरांवर मुक्त प्रवेश देणारे जेम्स ब्राइस याचे विधेयक १८८४ पासून संसदेत पुनःपुन्हा मांडले गेले व पुनःपुन्हा पडले. कायद्याचा मार्ग खुंटल्यावर काहींनी जमीनच विकत घेण्याचा किंवा देणगीने मिळविण्याचा पर्याय निवडला. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्‌स्ली यांनी १८९५ मध्ये स्थापिलेला नॅशनल ट्रस्ट हे त्याचे फळ होय. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक (९७८ मी.) याचा माथा १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धात पडलेल्या त्या भागातील सैनिकांचे स्मारक म्हणून या ट्रस्टला मिळाला. पुतळा किंवा कमान न उभारता शिखरच स्मारक म्हणून सर्वांस खुले करण्याची ही कल्पना प्रस्तुत लेखकास विलक्षण वाटते.

किंडर स्काउट, १९३२ : पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउट (६३६ मी.) हे पीट मातीचे ओले पठार डेव्हनशरच्या ड्यूकच्या मालकीचे होते. शिकारीचे दिवस वर्षातून मोजकेच असत. उरलेल्या काळात शिकाररक्षक तेथे पहारा करीत. रविवार, २४ एप्रिल १९३२ रोजी ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्‌स फेडरेशन या डाव्या विचारांच्या कामगार संघटनेच्या आवाहनावरून सु. ४०० तरुण हेफील्ड या गावी जमले. नेतृत्व बेनी रॉथ्‌मन या मँचेस्टरमधील वीस वर्षांच्या तरुणाकडे होते. जवळच्या दगडाच्या खाणीत त्याचे भाषण झाले आणि जमाव ठरलेल्या वाटेने निघून, मध्येच ती सोडून, उघडपणे निषिद्ध पठाराकडे चढू लागला. शिकाररक्षकांशी झटापट झाली. एक रक्षक जखमी झाला. वर शेफील्डहून आलेली तुकडी त्यांना मिळाली आणि सर्वजण गात खाली उतरले. गावात पोलीस त्यांची वाट पाहत होते.

इंग्लिश विधीप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीत नुसते पाऊल ठेवणे हा दिवाणी अपराध होता, फौजदारी नव्हे. प्रवेश करणाऱ्यांवर खटला भरण्यात येईल, अशा ज्या पाट्या सर्वत्र लावलेल्या असत, त्यांना भटके लोक थट्टेने ‘लाकडी थापाडे’ म्हणत ते यामुळेच. म्हणून सहा तरुणांवर खटले झाले ते अनधिकृत प्रवेशाबद्दल नव्हे, तर दंगल, हल्ला इ. आरोपांखाली. डर्बी येथील न्यायालयाने त्यांपैकी पाच जणांस दोन ते सहा महिन्यांच्या कारावासाच्या शिक्षा दिल्या. रॉथ्‌मनला चार महिने झाले.

किंडरच्या प्रसंगाभोवती पुढे इतकी आख्यायिका जमली, की त्याचे मोजमाप सावधपणे करावे लागते. प्रस्थापित भ्रमणसंघांचा या कृतीस उघड विरोध होता. जमीनमालकांशी चाललेल्या वाटाघाटी यामुळे फिसकटतील, अशी त्यांची तक्रार होती. पठार त्या दिवशी खुले झाले नाही, दुसऱ्या वर्षीही झाले नाही. परंतु शिक्षांच्या कठोरपणामुळे जे काम पन्नास वर्षांच्या अर्जविनंत्यांनी झाले नव्हते ते झाले : हा प्रश्न देशभर गाजला. काही आठवड्यांतच जवळच्या विनॅट्‌स खिंडीत सु. दहा हजार लोकांची सभा भरली. रॅम्बलर्स असोसिएशन ही भटक्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये स्थापन झाली. २००२ मध्ये, घटनेस सत्तर वर्षे झाली त्या प्रसंगी, तत्कालीन ड्यूकने हेफील्डजवळच्या कार्यक्रमात आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथ्‌मन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. किंडर स्काउट १९८२ पासून नॅशनल ट्रस्टच्या मालकीचे आहे.

कायदे : १९३२ च्याच एका अधिनियमाने वीस वर्षे लोकांनी निर्वेध वापरलेली वाट मालकाने सार्वजनिक केली आहे असे गृहीत धरावे, हा नियम घातला. १९३९ चा डोंगरप्रवेशविषयक अधिनियम मात्र दुरुस्त्यांनी इतका विद्रूप झाला, की त्यात काही परिस्थितीत अनधिकृत प्रवेश हा फौजदारी गुन्हाच बनला. भटक्यांनीच मागितलेला कायदा त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या शासनाने राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामप्रदेशप्रवेश अधिनियम, १९४९ संमत केला. त्याने राष्ट्रीय उद्याने निर्माण करण्याची तरतूद केली (पहिले उद्यान, पीक डिस्ट्रिक्ट, १९५१) आणि प्रत्येक काउंटीच्या परिषदेने आपल्या हद्दीतील वाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा, असे बंधन घातले. या नकाशात नोंदलेली वाट ही सार्वजनिक आहे याचा तो निर्णायक पुरावा असतो. माहिती गोळा केली ती बव्हंशी गावोगावच्या ग्रामपरिषदांनी. कोठे ती तळमळीने झाली, तर कोठे परिषदेवर बसलेल्या शेतकऱ्यानेच आपल्या शेतातील वाट विसरणे पसंत केले. शेजारच्या गावातून येणारी वाट हद्दीवर एकाएकी संपते, असे चमत्कार अधिकृत नकाशांत दिसतात ते यामुळे.

टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये डेली हेरल्ड या दैनिकात इंग्लंडच्या कण्यासारख्या पेनाइन पर्वतरांगेवरून सलग एक लांब पाऊलवाट असावी, अशी मागणी केली. ती ‘पेनाइन वे’ २४ एप्रिल १९६५ रोजी, किंडरच्या घटनेला बरोबर ३३ वर्षे झाली त्या दिवशी, विधिपूर्वक खुली झाली. एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येटमपर्यंत तिची लांबी ४३१ किमी. आहे. अतिवापराने पीटची जमीन खचून वाट काही ठिकाणी विस्तीर्ण चिखलपट्टा बनली, तेव्हा तीवर दगडी फरश्या अंथरण्यात आल्या. या फरश्यांपैकी पुष्कळ उत्तर इंग्लंडमधील बंद पडून पाडलेल्या कापडगिरण्यांच्या आहेत. ज्या फरश्यांवर आठवडाभर उभे राहून कामगार रविवारी डोंगराकडे धावत, त्याच आता डोंगरावर गेल्या आहेत.

वाटेवरून जाण्याचा हक्क आणि वाट सोडून मोकळेपणी हिंडण्याचा हक्क या दोन भिन्न बाबी आहेत. दुसरा हक्क इंग्लंड व वेल्समध्ये २००० सालच्या अधिनियमाने दिला, पण तो डोंगर, माळ, झुडपी रान, चुनखडकाच्या टेकड्या आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी एवढ्यांपुरताच, इंग्लंडच्या सु. ८ टक्के भूमीला तो लागू पडतो. नद्यांचे काठ व बहुतेक अरण्ये त्याबाहेर राहिली. स्कॉटलंडने भूमिसुधारणा अधिनियम, २००३ अन्वये याहून पुष्कळ उदार मार्ग पत्करला. तेथे जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळजवळ सर्व भूमी व जलाशय सर्वांस खुले असून घरांचा परिसर, उभी पिके इ. अपवाद आहेत. याने स्कॉटलंडमधील शेती बुडाली नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. कारण इंग्लंडमध्ये तशीच भीती घातली जात असते. वेल्सच्या संपूर्ण किनाऱ्याची सु. १,४०० किमी. लांबीची वाट २०१२ मध्ये पूर्ण झाली, तर इंग्लंडच्या किनाऱ्यावर सु. ४,३०० किमी. वाटेची योजना २००९ च्या अधिनियमाने हाती घेण्यात आली.

वाटेवरील चालरीत : वाटेच्या आरंभी ‘सार्वजनिक पाऊलवाट’ असे लिहिलेला बाणासारखा फलक असतो. पुढे खांबांवर छोटे बाण आढळतात : पिवळा बाण पादचाऱ्यांच्या वाटेचा, निळा घोडेस्वारांसही खुल्या असलेल्या वाटेचा, तांबडा सर्व वाहनांस मुभा असलेल्या वाटेचा. राष्ट्रीय मार्गांवर ओकच्या फळाचे चिन्ह असते. कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी किंवा दगडी पायऱ्यांची ‘स्टाइल’ असते. गुरांना अडवून माणसास जाऊ देणारे, अर्धगोलाकार कठड्यात झुलणारे फाटकही असते. झुलताना ते दोन्ही बाजूंच्या खांबांना नुसते टेकते, म्हणून त्यास ‘चुंबनफाटक’ अशा अर्थाचे नाव पडले. प्रेमिकांनी त्या नावाचा निराळा अर्थ लावून घेतला आहे.

यांपेक्षा महत्त्वाचा सोबती म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा. ही संस्था १७९१ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीतून लष्करी कामासाठी अस्तित्वात आली. आज तिचे नकाशे रविवारच्या भटक्यांच्या पाठपिशवीत असतात. १ : २५,००० या प्रमाणावरील नकाशात सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेषांनी आणि मुक्त संचाराची भूमी पिवळसर छटेने दाखविलेली असते. किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्यास विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अद्याप वापरतात : दर ५ किमी.स एक तास आणि चढावाच्या दर ६०० मी.स आणखी एक तास. सह्याद्रीत चालण्याचा सराव असलेल्यास हा हिशेब सोपा वाटेल, परंतु ब्रिटनच्या डोंगरांत उंचीपेक्षा हवा अधिक दगा देते. हजार मीटरांच्या आतील माथ्यावर जूनमध्येही धुके, वारा व गार पाऊस तासाभरात येतात आणि दरवर्षी बचावपथकांना धावावे लागते.

शेतकऱ्याचे व पादचाऱ्याचे संबंध बारीकसारीक नियमांनी बांधलेले आहेत. शेताच्या मधून जाणारी पाऊलवाट मालक नांगरू शकतो. मात्र पहिल्या नांगरणीनंतर चौदा दिवसांत ती निदान एक मीटर रुंद व चालण्याजोगी करून द्यावी लागते. शेताच्या बांधालगतची वाट नांगरताच येत नाही. दुभत्या जातीचा दहा महिन्यांहून मोठा वळू वाट असलेल्या कुरणात सोडण्यास मनाई आहे. इतर जातींचा वळू गाईंच्या सोबत असेल तर चालतो. पादचाऱ्याने फाटक जसे आढळले तसे ठेवावे, मेंढ्यांच्या वीणकाळात कुत्रा साखळीने धरावा, कचरा मागे टाकू नये, हे संकेत शाळेपासून शिकविले जातात. शहरात शेजाऱ्याशीही न बोलणारा इंग्रज डोंगरवाटेवर भेटणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसास अभिवादन करतो आणि हवेविषयी एखादे वाक्य बोलून पुढे जातो. चालण्याचा शेवट बहुधा गावातील पबमध्ये होतो; चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ठेवणे हा तेथील शिष्टाचार होय.

नवागतास मँचेस्टरहून आगगाडीने एडेलला जाऊन किंडरच्या कडेने फिरणे एका दिवसात जमते. ऐतिहासिक अवशेषांची आवड असणाऱ्यास हेड्रियनच्या तटालगतची १३५ किमी.ची वाट किंवा एव्हबरीच्या शिलावर्तुळाजवळून निघणारी रिजवे (१३९ किमी.) योग्य. स्कॉटलंडमध्ये मिल्‌गाय ते फोर्ट विल्यम ही १५४ किमी.ची वेस्ट हायलँड वे प्रसिद्ध आहे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये मात्र आल्फ्रेड वेनराइट याच्या पुस्तकांची सोबत हवी. केंडल नगरपालिकेचा हा खजिनदार सुटीच्या दिवशी एकटाच हिंडे. त्याने तेथील २१४ डोंगरांचे वर्णन सात खंडांत (१९५५–६६), अक्षर व चित्रे सर्व स्वहस्ते लिहून केले. माणसे टाळण्यासाठी डोंगरात जाणाऱ्या या गृहस्थाच्या पुस्तकांनी लक्षावधी माणसे तेथे आणली.

प्रचलित वाद : वाटा कायद्याने सर्वांच्या असल्या, तरी सर्वजण तीवर दिसत नाहीत. राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या २०१९ मधील शासकीय आढाव्यात आशियाई व कृष्णवर्णीय नागरिकांना ही उद्याने आपली वाटत नाहीत, असे स्पष्टपणे नोंदविले आहे. शेतकऱ्यांच्या तक्रारीही निराधार नाहीत. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यांनी मेंढ्या फाडणे, दुरुस्त न केलेल्या फाटकांतून गुरे सुटणे, अरुंद रस्त्यांवर मोटारगाड्यांची गर्दी होणे यांचा भार त्यांच्यावर पडतो. २००१ मधील लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीत देशभरच्या वाटा बंद कराव्या लागल्या. तेव्हा गावांचे किती उत्पन्न या चालणाऱ्यांवर अवलंबून आहे, हे प्रथमच उमगले.

डेव्हन परगण्यातील डार्टमूर हे इंग्लंडमधील असे एक क्षेत्र आहे, जेथे परवानगीवाचून तंबूत रात्र काढण्याचा हक्क १९८५ च्या स्थानिक अधिनियमामुळे आहे, असे समजले जाई. तेथील एका जमीनदार दांपत्याने यास आव्हान दिले आणि जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हजारो लोक माळावर निषेधार्थ चालत गेले. अपील न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो निकाल फिरविला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने हक्क मान्य केला. अधिनियमातील ‘मोकळ्या हवेतील मनोरंजन’ अशा अर्थाच्या शब्दांत मुक्काम समाविष्ट होतो की नाही, एवढ्याच प्रश्नावर हे सर्व घडले.

याहून मोठा प्रश्न विसरलेल्या वाटांचा आहे. २००० सालच्या अधिनियमाने जुन्या, परंतु अधिकृत नकाशात न आलेल्या वाटांवरील हक्क नोंदविण्यास २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली होती; ती उलटल्यावर हक्क सामान्यतः कायमचा बुडणार होता. एकदा सार्वजनिक झालेला मार्ग कायम सार्वजनिक राहतो, या तत्त्वालाच तो छेद होता. रॅम्बलर्स असोसिएशनने २०२० मध्ये स्वयंसेवकांकरवी जुने व नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये अशा सु. ७९,००० किमी. वाटा निघाल्या. वेल्सने ही मुदत रद्द केली. इंग्लंडमध्ये ती २०३१ पर्यंत पुढे ढकलण्यात आली आणि २०२४ च्या अखेरीस शासनाने ती पूर्णपणे रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. दरम्यान, स्वयंसेवकांनी कुंपणबंदीचे निवाडे, दशांशकराचे नकाशे व रेल्वे कंपन्यांचे जुने आराखडे चाळून एकेका वाटेचा अर्ज दाखल करण्याचे काम चालविले असून पुष्कळ परिषदांत हे अर्ज वर्षानुवर्षे निर्णयाविना पडून असतात.